तेल लावलेलं करडू

आमच्या गावात कुणाला मूल झालं की मुलगा की मुलगी हे लोक नंतर विचारतात. आधी विचारतात, पाण्यात कोण घालणार? म्हणजे बाप्तिस्म्याला, देवळातल्या पाण्याच्या कुंडापाशी तेल माखलेलं पोर हातात घेणारी धर्मआई कोण? पहिल्या मुलाच्या बाबतीत तर तेही विचारायची गरज नसते, ते लग्नातच ठरलेलं असतं. नवरानवरीच्या डोक्यावरचे मुकुट जिने अदलाबदल केले ती त्यांची कुंबारा, आणि त्यांचं पहिलं पोर तिच्याच हातात यायचं. यात कुणाची मेहेरबानी नाही. हक्क आहे तो.

स्त्रातिस आणि एर्मिओनीचे मुकुट मी बदलले होते. एर्मिओनी म्हणजे माझ्या फोतिनीची पोर. फोतिनी आणि मी एका बाकावर बसून शिकलो, एकाच उन्हाळ्यात एकाच पोराच्या मागे वेड्या झालो आणि दोघींनीही त्याला वाऱ्यावर सोडला. ती गेली तेव्हा एर्मिओनी शाळेत होती. शाळा सुटली की दप्तर घेऊन माझ्या दुकानात यायची, आरशासमोरच्या खुर्चीत बसून जेवायची. मी बायकांचे केस कापायची. गावातली निम्मी डोकी माझ्या हाताखालून गेली आहेत, आणि केस कापता कापता बायका काय काय बोलून जातात ते मी सांगायला लागले तर इथली निम्मी लग्नं मोडतील. मी स्वतः लग्न केलं नाही. जी काय माया होती ती त्या पोरीवर केली, आणि त्याचा हिशोब मी कधी मागितला नाही.

तिच्या लग्नानंतरच्या हिवाळ्यात माझे हात सुजायला लागले. मला वाटलं थंडी असेल. मग सकाळी कॉफीचं भांडं उचलेना, झग्याची गुंडी लागेना. दवाखान्यातल्या डॉक्टरने आमवात असं नाव सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की हा पाहुणा आला की जात नाही, त्याच्यासोबत राहायला शिका. बोटं हळूहळू करंगळीच्या बाजूला कलली. एक दिवस कात्री घसरली आणि पाद्रीबाबांच्या बायकोच्या कानाला लागली. थेंबभर रक्त आलं, पण बाईने असा हंबरडा फोडला की कान तुटून खाली पडलाय असं वाटावं. दुसऱ्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावलं.

पुढे ऑलिव्ह झोडपायच्या दिवसांत एर्मिओनीला मुलगी झाली. मी बघायला गेले तर स्त्रातिसची आई, पेलायियाबाई, पाळण्यापाशी पहाऱ्याला बसल्यासारख्या बसलेल्या. मी बाळाकडे बघत होते आणि त्या माझ्या बोटांकडे.

"हात कसे आहेत गं, कुंबारा?"

"जागच्या जागी आहेत."

"तसं नाही गं. बाप्तिस्मा ऑगस्टात, म्हणून म्हटलं. तेल लावलेलं पोर म्हणजे मासा. भल्याभल्यांच्या हातून निसटतं. तुझ्या जिवाला उगीच घोर नको."

"माझ्या जिवाचं मी बघते. तुम्ही मिठाईचं बघा."

नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. कुंबाराला डावललं तर गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. म्हणून माझ्याच तोंडून कधीतरी "नको बाई, मला नाही जमायचं" निघेल, याची वाट बघायचं ठरलं होतं त्या घरात. बसा म्हटलं वाट बघत.

एर्मिओनी मला दारापर्यंत सोडायला आली. तिथे माझा दंड धरून कुजबुजली, "मावशी, नाव तूच घेणार ना? आईचं घेशील?"

ते आमचं दोघींचं गुपित. पहिल्या नातीला आपलंच नाव पडणार असं पेलायियाबाई धरून चालल्या होत्या. पण धर्मआईने देवळात मोठ्याने जे नाव घेतलं ते नाव. एकदा ते तोंडातून बाहेर पडलं की सासूच काय, खुद्द पाद्रीबाबासुद्धा परत आत ढकलू शकत नाहीत. फोतिनी. मी घरी जाताना वाटेत दोनदा ते पुटपुटून बघितलं आणि रस्त्यातच रडले.

मग मी मनावर घेतलं.

दवाखान्यात थेआनो म्हणून एक मुलगी होती, हातांचे व्यायाम शिकवणारी. तिने विचारलं, तुम्हाला काय करता यायला हवंय? लोक सांगतात, बरणी उघडायची आहे, सही करायची आहे. मी म्हटलं, "तेल माखलेलं नागडं पोर धरायचंय, नऊ महिन्यांचं, लाथा झाडणारं." हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, "मग आजपासून लागू या."

रोज सकाळी आधी कोमट पाण्यात हात. मग बोटं ताठ. मग फक्त वरचे सांधे वाकवून आकड्यासारखी. मग मुळापासून वाकवायची, पण बोटं सरळ ठेवून. मग सावकाश पूर्ण मूठ. सावकाश, हे थेआनो इतक्या वेळा म्हणायची की मला झोपेतही ऐकू यायचं. अंगठा एकेका बोटाच्या टोकाला टेकवून गोल करायचा. करंगळीशी पोचेपर्यंत माझ्या तोंडून पाद्रीबाबांनी ऐकू नयेत असे शब्द निघायचे. तळवा टेबलावर ठेवून एकेक बोट उचलायचं आणि कललेली बोटं एकेक करून अंगठ्याकडे चालवत आणायची. पाण्यातला स्पंज हळू दाबायचा, सोडायचा. ज्या दिवशी सांधे लाल आणि गरम असतील त्या दिवशी जोर नाही, नुसतं हलवायचं. मला असले दिवस सहन व्हायचे नाहीत. मी तिला फोन करून भांडायची आणि ती म्हणायची, "बाई, हात तुमचे आहेत, भाडोत्री नाहीत. जरा जपा."

धरायचं कसं हेही तिने शिकवलं. भार बोटांवर घ्यायचा नाही. कोपरापासून मनगटापर्यंत हाताची झोळी करायची, पोराचं डोकं कोपराच्या खोबणीत, दुसरा हात मांडीखालून, आणि सगळं छातीशी घट्ट. बोटं नुसती सोबतीला.

हिवाळाभर मी लाल भोपळ्यावर सराव केला. तेल माखायचं, उचलायचा, टेबलाभोवती तीन फेऱ्या, कारण देवळातही कुंडाभोवती तीनच फेऱ्या असतात. पहिल्या आठवड्यात दोन भोपळे फुटले आणि मी त्यांचं सूप करून प्यायले. फेब्रुवारीपर्यंत फुटायचे थांबले. मार्चमध्ये मी मुरांब्याची बरणी कुणाला हाक न मारता उघडली आणि एकटीच टाळ्या पिटल्या. असला आनंद मला ऐन तारुण्यातही झाला नव्हता.

पण भोपळा लाथा मारत नाही. तिथेच माझी अक्कल शेण खायला गेली.

शेजारच्या थेमेलिसकडे ईस्टरच्या सुमारास उशिरा झालेलं एक करडू होतं, वजनाने साधारण पोरीएवढं. मी म्हटलं, जरा दे. तो म्हणाला, "खायला का? अजून लहान आहे." मी म्हटलं, "धरायला." त्याने माझ्याकडे असं बघितलं की आमवात डोक्यात चढलाय असं त्याला वाटलं असावं. पण दिलं. अंगणात मी त्याला तेल चोळलं, पंच्यात घेतलं, आणि खरं सांगते, ते झकास धरलं. ते बें बें ओरडत होतं, पाय झाडत होतं, आणि मी त्याला छातीशी धरून लिंबाच्या झाडाभोवती एक फेरी घातली. दुसरी घातली. तिसरीला कुठूनतरी थेमेलिसचा कुत्रा भुंकत आत आला. करडू उसळलं, माझ्या खांद्यावर चढलं आणि भिंतीवरून उडी टाकून पळालं. मागे तेलाचे डाग. थेमेलिस पोट धरधरून हसला. मीही हसले. तिथेच आमचं संपलं.

गावाचं संपलं नाही. थेमेलिसने कॉफीच्या दुकानात किस्सा रंगवून सांगितला, त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता, पण तोंड सैल आहे त्याचं. दुपारी करडू माझ्या हातून पडलं होतं. संध्याकाळी ते गच्चीवरून पडलं होतं. दुसऱ्या दिवशी बेकरीत एक बाई मला म्हणाली, "मेलं का गं बिचारं?"

"थेमेलिसच्या वाटाण्यात चरतंय," मी म्हटलं. "जाऊन विचारा त्याला."

एर्मिओनी आली तीही तेच विचारायला.

"मावशी, ते करडू..."

"कुत्रा आला म्हणून पळालं. देवळात कुत्रे येतात का?"

"नाही गं. मी नुसतं विचारलं."

"आण तिला. आत्ता आण. धरून दाखवते."

"झोपलीय," ती म्हणाली. भरदुपारी रस्त्यावरून त्या पोरीच्या खिदळण्याचा आवाज येत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण आपल्या माणसाचं खोटं कानाला खोटं लागत नाही.

जुलैअखेर स्त्रातिसची बहीण वार्वारा अथेन्सहून सुट्टीला आली. त्यानंतर चार दिवसांनी पेलायियाबाई माझ्या दारात, हातात बदामाच्या वड्यांची ताटली, चेहरा असा लांब की घरात मयत झालीय असं वाटावं.

"देवाने वाचवलं गं, कुंबारा. पोरीला पहाटे ताप भरला. डोळे पांढरे केले. डॉक्टर येईपर्यंत राहते की जाते. काय करणार? वार्वाराने उचललं आणि हवेत नाव ठेवलं."

हवेतला बाप्तिस्मा. पोर मरणाच्या दारात असलं आणि पाद्री यायला वेळ नसला, तर घरातल्या कुणीही त्याला तीनदा वर उचलायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि पोराचं नाव ठेवायचं. आमच्या आज्या-पणज्या हे करायच्या, कारण तेव्हा पोरं खरंच हातातल्या हातात मरायची. आणि जिने उचललं, पोर तिचं.

"काय नाव ठेवलं?" मी विचारलं.

"घाईत काय सुचणार? पेलायिया ठेवलं."

"घाईत बरं सुचलं."

"देवाची इच्छा."

"आज सकाळी स्त्रातिस कॉफीच्या दुकानात सोंगट्या खेळत होता, पेलायियाबाई. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. फासे टाकून ओरडत होता. ज्याची पोर पहाटे मरता मरता वाचली, तो बाप सकाळी सोंगट्या खेळतो?"

त्यांनी ताटली टेबलावर ठेवली, पदराशी चाळा करावा तसा कमरेचा रुमाल नीट केला. "पुरुषांचं काय सांगावं," म्हणाल्या. आणि दारात वळून, अगदी गोड आवाजात, "बाप्तिस्म्याचं तेल मात्र तुझ्याच ऑलिव्हच्या झाडांचं हवं हं. तुझा मान आहे तो."

बाई काय बोलतेय, कुणाशी बोलतेय! मला ती ताटली त्यांच्या पाठीत घालावीशी वाटली, आणि पहिल्यांदाच माझ्या हातात तेवढी ताकदही होती.

मी तडक पाद्रीबाबांकडे गेले. ते भाजीला पाणी घालत होते. म्हणाले, "मिरसिनी, तीन माणसं शपथेवर सांगतात. मी काय तापमापक घेऊन मागे जाऊ? पाणी, तेल, सगळं रीतसर करू. पण नाव ठेवून झालं, आणि ठेवणारी कोण तेही ठरलं."

"आणि ते खोटं असलं तर?"

"तर ते देवाशी खोटं बोलले. तुझ्याशी नाही."

"देवाला काय फरक पडतो? पोर माझं गेलं!"

त्यांनी नळ बंद केला. म्हणाले, ऊन फार आहे, आत येऊन बस. मी बसले नाही.

तीन माणसं. पेलायियाबाई, वार्वारा, आणि तिसरी कोण? स्त्रातिस तर तोंड चुकवत फिरत होता. वाटेभर मी तिसऱ्या माणसाचं नाव मनात येऊ दिलं नाही.

तेल दिलं मी. हो, दिलं. पोरीच्या अंगाला लागणार होतं, बाजारातलं कशाला लागू द्यायचं? चांगलं, पहिल्या घाण्याचं दिलं. आणि बाप्तिस्म्यालाही गेले. न जाऊन त्यांना सुटका कशाला देऊ? मी तिसऱ्या रांगेत उभी राहिले. वार्वाराने पोर नीट धरलं. निसटावं अशी माझ्या मनात इच्छा आली का? नाही आली, देवाशपथ. उलट तिच्या लांब नखांनी पोरीला ओरखडा उठेल या भीतीने माझीच बोटं वळली, झोळी झाली, कोपरात जागा झाली. पाद्रीबाबांनी नाव विचारलं आणि वार्वाराने घेतलं. एर्मिओनी खाली बघत होती. तिच्या सासूने तिचा दंड धरला होता, मायेने धरतात तसा.

बाप्तिस्म्यानंतर तीन दिवस पोराला आंघोळ घालत नाहीत. पवित्र तेल अंगात मुरू द्यायचं. मग पहिलं पाणी धर्मआईच घालते. पण वार्वारा दुसऱ्याच दिवशी बोट पकडून अथेन्सला गेली, तिच्या ऑफिसात कुणीतरी खोळंबलं होतं म्हणे. तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळं गाव दारं लावून झोपलेलं असताना, एर्मिओनी मागच्या वाटेने माझ्या अंगणात आली. कडेवर पोर.

"मावशी, पहिलं पाणी तू घाल."

मी तिला बस म्हटलं नाही. ती उभीच राहिली.

"ताप नव्हता," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"सासूबाई म्हणाल्या, मिरसिनीच्या हातून पोर पडलं तर जन्मभर स्वतःला क्षमा करशील का? रोज म्हणायच्या. जेवताना, झोपताना. मला झोपेत ते करडू दिसायचं गं. मला भीती वाटली."

"आणि तू शपथ घेतलीस."

"घेतली."

"तुझ्या आईचं नाव गेलं, एर्मिओनी. तिचं नाव घ्यायला दुसरं कोण होतं? मी एकटी होते. आणि तू ते कशापायी घालवलंस? माझी बोटं वाकडी आहेत म्हणून?"

ती रडायला लागली. म्हणाली, घरात कुणी नसलं की मी हिला फोतिनीच म्हणते. मला तिची कीव आली आणि संतापही आला, आणि दोन्ही एकदमच आले. पण पोर माझ्याकडे बघून हसली. खालच्या हिरडीत दोन दात. मी काय दगडाची आहे?

मी परात काढली, पाणी कोमट केलं, कोपराने बघितलं. पंचा खांद्यावर टाकला. एर्मिओनीने तिचे कपडे काढले. अंगाला अजून तेलाचा वास होता, माझ्याच झाडांचा. मी हातांची झोळी केली आणि म्हटलं, "दे."

तिने दिली. पोरीचं डोकं माझ्या कोपरात बसलं, मांड्या दुसऱ्या हातावर, पोट माझ्या छातीशी. ती लाथा झाडत होती, निसरडी होती, जड होती, आणि जागची हलली नाही. सांधा दुखला नाही. हिवाळाभर ज्यासाठी मी टेबलाभोवती फिरले ते हे. एवढंच हवं होतं मला. एवढंच.

मग मी खाली बघितलं. एर्मिओनीचे दोन्ही हात माझ्या हातांखाली होते. टेकलेले नव्हते, बोटभर अंतरावर, तळवे वर करून.

"हात काढ," मी म्हटलं.

"काढते." काढले नाहीत.

"एर्मिओनी, मी धरलंय तिला. बघ. हात काढ."

"हो, मावशी, काढतेच," ती म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि हात होते तिथेच होते. मला कळलं, तिला काढायचे आहेत. तिला काढता येत नाहीत. आणि यावर थेआनोकडे काही व्यायाम नसणार.

मग मी पोर खाली, त्या वाट बघणाऱ्या हातांत ठेवली, पंचा तिच्यावर पांघरला आणि म्हटलं, "पाणी कोमट आहे. तूच घाल."